फोड उन्हाने येत नाही

रामनवमी जवळ आली की मुंबईतून साईंच्या पालख्या शिर्डीला निघतात. शहापूर, कसारा घाट, घोटी, सिन्नर असं साधारण अडीचशे किलोमीटरचं चालणं. दम टिकावा म्हणून मंडळी महिनाभर मरीन ड्राइव्हवर फेऱ्या मारतात आणि दुसऱ्याच दिवशी तळपायाच्या फोडाने लंगडू लागतात. वर सल्ला तयार: ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे.’ कुणी त्यात पापंही झडवून घेतो!

उष्णतेचा हात आहे, पण घामामार्फत. एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर दाबून ठेवा आणि न उचलता मागेपुढे हलवा. बोट कातडीवरून घसरत नाही. कातडीच खालच्या हाडांवरून सरकते. चालताना याच्या उलट होतं. कातडी मोज्याला धरून राहते, आतलं हाड पुढे जातं आणि मधले थर ताणले जातात. हा ‘शिअर’ ताण. वारंवार वाकवलेली तार तुटते, तसा हजारो पावलांनंतर बाह्यत्वचेतला स्पायनोसम हा थर फाटतो. वरचं केराटिन या टणक प्रथिनाचं झाकण आणि तळाचा, नव्या पेशी बनवणारा थर शाबूत राहतात. मधल्या फटीत ऊतींमधला द्रव झिरपतो. झाकण जाड असतं म्हणूनच तळव्याला फोड येतो. मांडीची कातडी पातळ, ती सोलवटते.

आता घाम. कोरडी कातडी मोज्यात थोडी घसरते, दमट कातडी चिकटते, म्हणजे शिअर वाढतो. तळव्यावर घर्मग्रंथी दाटीने असतात आणि सुती मोजा घाम धरून ठेवतो. ‘सुती तेच चांगलं’ हे इथे चालत नाही. सिंथेटिक किंवा लोकरमिश्रित मोजे घ्या.

तयारी दमाइतकीच कातडीचीही हवी. ताण हळूहळू वाढला तर बाह्यत्वचा जाड होते, एकदम पडला तर फाटते. म्हणून दीड-दोन महिने आधीपासून, यात्रेतलेच बूट घालून अंतर वाढवत न्या. सपाट मरीन ड्राइव्हपेक्षा बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला कान्हेरीचा चढ बरा. कसाऱ्यात टाच कशी घासेल ते तिथेच कळतं.

फोडात सुईने दोरा ओवून तो तसाच ठेवू नका, जंतूंना आत जायला ती वाटच मिळते. लहान, न दुखणारा फोड फोडूच नये. मधुमेह्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, फोड आल्याचं कळतही नाही. त्यांनी अनवाणी चालण्याचा नवस बोलण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावेत आणि वाटेत रोज रात्री तळवे तपासावेत.