कॅमेरारहित वनस्पती-छायाचित्रण

प्रकाशसंवेदी कागदावर पान, नेचा, रानगवत किंवा शैवाल थेट ठेवून, त्यावर प्रकाश पाडून छायाप्रतिमा मिळवण्याची कला. अशा प्रतिमेस फोटोग्राम म्हणतात. भिंग नसल्यामुळे प्रतिमा नमुन्याच्या मूळ आकाराची येते. झाकलेला भाग पांढरा राहतो, उघडा भाग गडद होतो. पातळ पानातून प्रकाश झिरपत असल्याने शिरांचे जाळेही उमटते. कागदापासून उचललेल्या कडा धूसर येतात, म्हणून नमुना काचेखाली दाबतात. शाई लावलेल्या पानाचा ठसा घेण्याची पद्धत याहून वेगळी आहे.

या कलेचा आरंभ वादग्रस्त आहे. इंग्रज प्रयोगकर्ते टॉमस वेजवुड यांनी सिल्व्हर नायट्रेट (प्रकाशाने काळवंडणारा चांदीचा क्षार) लावलेल्या कागदावर व पांढऱ्या चामड्यावर पाने आणि कीटकांचे पंख यांच्या प्रतिमा घेतल्या. रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी त्याचा वृत्तांत 1802 मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोग त्याआधीचे असावेत. काही अभ्यासक ते 1790 च्या दशकात नेतात. मात्र प्रतिमा टिकवण्याचा उपाय वेजवुड यांना सापडला नाही. उजेडात नेताच सारा कागद काळवंडे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी 1834 पासून इंग्लंडमधील लेकॉक ॲबी येथे कागदावर आधी मिठाचे व मग सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण लावले आणि उमटलेली प्रतिमा तीव्र मिठाच्या द्रावणाने बऱ्याच अंशी स्थिर केली. टिकाऊपणा हा निकष धरल्यास आरंभाचे श्रेय टॅलबट यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

या वादाला एका पानाच्या प्रतिमेने नवे वळण दिले. 2008 मध्ये न्यूयॉर्क येथे लिलावासाठी आलेल्या या फोटोग्रामच्या कोपऱ्यात ‘W’ हे अक्षर होते. छायाचित्रणाचे इतिहासकार लॅरी शाफ यांनी ती वेजवुड यांच्या वर्तुळातील असू शकेल अशी शक्यता मांडली आणि प्रतिमा लिलावातून मागे घेण्यात आली. ही शक्यता खरी ठरती, तर वेजवुड यांच्या प्रतिमा टिकल्याच नाहीत हे मत बदलावे लागले असते. पुढे 2015 मध्ये शाफ यांनीच ती ब्रिस्टलच्या सेरा ॲन ब्राइट (1793–1866) यांची, 1839 ची असल्याचे दाखवले. आज हेच मत ग्राह्य धरले जाते. जुना तर्क बाजूला पडला. पण फोटोग्राफी जगजाहीर झाली त्याच वर्षी एका स्त्रीने घेतलेली प्रतिमा त्यामुळे ओळखता आली, हे अधिक मोलाचे होय.

शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये सायनोटाइप ही निळ्या प्रतिमांची पद्धत शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड हे लोहाचे क्षार लावलेला कागद उन्हात धरला असता अतिनील किरणांनी फेरिक क्षाराचे क्षपण होऊन (लोहाला इलेक्ट्रॉन मिळून) तो फेरस होतो व प्रशियन निळा रंग तयार होतो. पाण्याने धुतले की न बदललेले क्षार निघून जातात व प्रतिमा टिकते. महागड्या चांदीची गरज उरत नाही.

ॲना ॲटकिन्स (1799–1871) यांनी ही पद्धत ब्रिटिश शैवालांसाठी वापरली. त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग 1843 मध्ये निघाला व काम 1853 पर्यंत चालले. फोटोग्राफिक चित्रांचा हा पहिला ग्रंथ मानला जातो. टॅलबट यांचा छायाचित्रांचा ग्रंथ त्यानंतर, 1844 पासून निघाला. निगेटिव्ह (जिच्यावरून अनेक प्रती काढता येतात अशी उलट छटांची प्रतिमा) नसल्याने प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक शैवाल पुन्हा मांडावे लागे. नोंद वनस्पतिशास्त्रीय असली, तरी निळ्या पार्श्वभूमीवरील मांडणीतील रचनेची जाण उघड दिसते. म्हणून त्यांना केवळ संकलक म्हणणे अपुरे आहे.

हर्शेल यांनी फुलांच्या रसाने रंगवलेला कागद उन्हात विटवून प्रतिमा घेण्याचेही प्रयोग केले. या अँथोटाइप प्रतिमा स्थिर करता येत नाहीत.

विसाव्या शतकात क्रिस्टियन शाड, मॅन रे आणि लास्लो मोहोली-नॉज या कलावंतांनी फोटोग्रामला आधुनिक कलेत आणले, पण त्यांचा भर वनस्पतींवर नव्हता. 1980 च्या दशकात गॅरी फॅबियन मिलर यांनी एन्लार्जरमध्ये (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रात) निगेटिव्हऐवजी पानच ठेवून रंगीत प्रतिमा काढल्या. सुझन डर्जेस यांनी रात्री नदीच्या पाण्याखाली कागद ठेवून, वर फ्लॅश टाकून, प्रवाह आणि काठावरच्या फांद्यांच्या सावल्या टिपल्या.