रोहयोचा पैसा कुणाच्या खिशातून आला?

श्रीमंतांना करसवलत द्यायची की राबणाऱ्यांसाठी योजना चालवायची, हा वाद दरवर्षी अर्थसंकल्पानंतर नव्याने निघतो. महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी रोजगार हमी योजनेच्या (रोहयो) निमित्ताने त्यावर एक तोडगा काढला होता आणि त्याचा परिणाम आजही बहुतेक पगारपत्रकांवर दिसतो.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात एक कल्पना करून पाहिली : गावात जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचे. ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी उतरवली. पुढे 1971 मध्ये पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला. सार्वजनिक कामे काढा, असे त्यांचे म्हणणे होतेच, पण पैसा कुठून आणायचा हेही त्यांनी सांगितले होते. वरच्या थरातल्या लोकांच्या उपभोगाला कात्री लावा, हे ते उत्तर. सल्ल्याचा पहिला भाग सरकारांना पटला. दुसऱ्याकडे फारसे कुणी वळून पाहिले नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. खडी फोडायला, पाझर तलाव आणि नालाबांध खणायला माणसे रांगा लावून आली. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. दुष्काळात खाल्लेल्या सुकडी आणि मिलोची आठवण असलेली पिढी हा काळ सहसा विसरत नाही. दुष्काळ सरल्यावर योजना गुंडाळली गेली नाही. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला.

खरी गंमत निधीची आहे. 1975 मध्ये राज्याने नोकरी-धंदा करणाऱ्यांवर व्यवसाय कर आणला. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर यांच्यावर अधिभार आणि बागायती जमिनीवर उपकर आला. या करांतून जेवढी रक्कम गोळा होईल, तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची होती. मुंबईच्या नोकरदाराने मराठवाड्यातल्या मजुराची मजुरी उचलायची, असा हा सौदा होता. शहरांनाही तो सोयीचा होता, कारण दुष्काळात गावेच्या गावे मुंबईकडे निघाली असती. माझ्या मते राज्याने केलेल्या चांगल्या कामांत याचा क्रमांक बराच वर लागतो.

दोष मात्र पायातच राहिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 नुसार व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला 250 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नव्हता. 1988 मध्ये ही मर्यादा 2,500 झाली. म्हणून आज महिना दहा हजारांच्या थोडे वर कमावणारा पुरुष कर्मचारी आणि कोटींचे पॅकेज घेणारा अधिकारी दोघेही तेवढेच भरतात : अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300. महिलांना 2023 पासून 25,000 पर्यंतच्या पगारावर सूट आहे, एवढाच काय तो फरक.

रोहयो आकार घेत होती त्याच काळात दिल्लीतली दिशा उलटी होती. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह 97.75 टक्क्यांवर गेला होता. तो अतिरेकीच होता, त्याने करचुकवेगिरी पोसली. 1974 मध्ये अर्थमंत्री यशवंतराव चव्हाणांनी तो 77 वर आणला, ते योग्यच झाले. पण पुढे दर उतरत 1997 मध्ये 30 टक्क्यांवर आला आणि संपत्तीवरचे करही एकेक करून गेले. वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरचा कर 1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांनी काढला, संपत्ती कर 2015 मध्ये अरुण जेटलींनी. उत्पन्न थोडे आणि वसुलीची कटकट फार, हे कारण दोन्ही वेळी पुढे आले. वसुली सुधारण्याचा मार्ग कुणी धरला नाही. संपत्ती कराच्या बदल्यात एक कोटीवरच्या उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार आला, हेही नोंदवायला हवे.

20 सप्टेंबर 2019 रोजी पणजीत निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले, सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी. तिजोरीवरचा भार सरकारनेच 1.45 लाख कोटी सांगितला. महाराष्ट्राच्या कायद्यावरून स्फूर्ती घेतलेल्या मनरेगासाठी पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात 61,500 कोटींची तरतूद होती.

व्यवसाय कराची मर्यादा 12,000 रुपयांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस चौदाव्या वित्त आयोगाने केली होती. त्यासाठी घटनादुरुस्ती लागते. संपत्ती कर ज्या 2015 साली गेला, त्याच साली हा अहवाल संसदेत आला होता.