हिरडीतून रक्त येतंय म्हणून ब्रश बंद करू नका

"रक्त येतंय ना, मग त्या बाजूला ब्रश लावू नकोस" हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो नेमका उलटा आहे. बहुतेक वेळा तिथे ब्रश नीट पोचत नाही म्हणूनच रक्त येतं.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये आऱ्हुसला दंतसंशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यात बरेचसे डेंटलचेच विद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या!

आत काय चालतं ते भारी आहे. घासलेल्या दातावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रोटीन्सचा पातळ पापुद्रा चढतो, त्यावर आधी स्ट्रेप्टोकोकस नावाचे बॅक्टेरिया येऊन बसतात, ते ऑक्सिजन वापरून टाकतात, मग लांबुळका फ्युझोबॅक्टेरियम येतो जो आधी आलेल्यांनाही चिकटतो आणि मागून येणाऱ्यांनाही धरून ठेवतो, आणि मग ज्याला ऑक्सिजन सोसत नाही तो पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हिरडीखालच्या फटीत मुक्काम ठोकतो. हे सगळे मिळून स्वतःभोवती चिकट थर बनवतात, पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत लागतो ना, तसाच. माउथवॉश त्यात फारसा शिरत नाही, थर घासूनच काढावा लागतो.

आता या बॅक्टेरियांशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, रक्तवाहिन्या फुगतात, हिरडीची आतली त्वचा पातळ होते, म्हणून जरा धक्का लागला की रक्त. आणि ही लढाई महिनोन्‌महिने चालली तर आपल्याच पेशींच्या केमिकल सिग्नलमुळे हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी जाग्या होतात आणि दाताभोवतीचं हाड झिजतं, म्हणजे हाड खाणारं आपलंच शरीर असतं! गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

मिश्रीने हिरड्या घट्ट होतात हा समज तर खरंच घातक आहे. ती भाजलेली तंबाखू आहे, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि आजार झाकला जातो.

ब्रश मऊ घ्या, दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे ४५ अंशात तिरका टेकवा, जागच्या जागी हलकेच हलवा, जोर नको. दोन दातांच्या मध्ये ब्रश जातच नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा, नाहीतर छोटा इंटरडेंटल ब्रश. कडक झालेलं किटण घरी निघत नाही, त्याला डेंटिस्टकडे स्केलिंगच, म्हणजे ते खरवडून काढणंच, लागतं. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही तर दाखवून या, डायबेटिस असेल तर तेवढंही थांबू नका.