आधी काटा तपासा, मग हात

तासगावची माझी मावशी वर्षानुवर्षं द्राक्षबागेत घडांची विरळणी करते. हंगामात दिवसभर हात वर आणि बोटांत कात्री. रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन झोपमोड व्हायला लागली, तेव्हा तिला मिरजेला दाखवायला नेलं. तपासणीआधी तिथल्या मुलीनं एक इंग्रजी फॉर्म काढला आणि जागच्या जागी मराठी करत प्रश्न विचारायला लागली. ‘बरणीचं घट्ट झाकण उघडताना किती त्रास होतो?’

‘बरणीला झाकण कुठलं? आम्ही फडक्याचा दादरा बांधतो,’ मावशी म्हणाली. मुलीनं ‘अजिबात त्रास नाही’वर खूण केली.

फॉर्मचं नाव ‘डॅश’. 1996 साली अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेनं टोरांटोच्या एका संशोधन संस्थेबरोबर तो तयार केला. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हातासाठी 30 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण; 1 म्हणजे अजिबात त्रास नाही, 5 म्हणजे जमतच नाही. सरासरीतून 1 वजा करून 25 नं गुणायचं. आकडा 0 ते 100 मध्ये येतो; जितका मोठा, तितकी अडचण जास्त. म्हणजे 5 च्या जागी 1 वर खूण झाली तर 3.3 गुण गेले. 11 प्रश्नांच्या छोट्या ‘क्विकडॅश’मध्ये तीच चूक 9 गुणांना पडते, आणि तिथं पहिलाच प्रश्न बरणीचा आहे.

‘नसांची तपासणी करता येते, मग पेशंटच्या तोंडी उत्तरांना काय किंमत?’ असं शिकलेली माणसंही विचारतात. नसेतून संदेश किती वेगानं जातो ते यंत्र सांगतं. भाकरी थापता येते का, ते मावशीच सांगणार. फक्त तिचं उत्तर मोजणारा काटा खरा हवा.

काटा म्हटलं की आमच्याकडे ऊस आठवतो. काटा मारल्याचा संशय आला की शेतकरी तीच ट्रॉली दुसऱ्यांदा वजनाला घालतो. प्रश्नावलीलाही असंच तपासतात. ज्यांच्या हातात काही बदल झालेला नाही अशा पेशंटांकडून एक-दोन आठवड्यांनी तीच परत भरून घ्यायची. अंतर एवढंच, की आधीची उत्तरं विसरावीत पण दुखणं बदलू नये. दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ 0 ते 1 मध्ये मांडतात; 1 म्हणजे तंतोतंत मेळ. समजा तो 0.96 आला आणि पेशंटांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, 20 आहे. 1 मधून 0.96 गेले, उरले 0.04, त्याचं वर्गमूळ 0.2, गुणिले 20, म्हणजे एका मोजणीची चूक 4 गुण. आपण आधीची आणि नंतरची अशा दोन मोजण्या ताडून बघतो, म्हणून 2 च्या वर्गमुळानं गुणायचं. 95 टक्के खात्री हवी म्हणून पुन्हा 1.96 नं. उत्तर साधारण 11. एवढा देखणा 0.96 असूनही 40 चे 32 झाले तर हात सुधारला, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही! त्यातले 8 गुण काट्याच्या थरथरीतही बसतात.

तांब्याच्या कड्यानं मुंग्या गेल्या म्हणणारे याच थरथरीवर पोट भरतात. माणूस कडं घेतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि ते पुढच्या आठवड्यात आपसूकही थोडं उतरतं.

पण दर वेळी तेच वजन दाखवणारा काटा दर वेळी तितकाच चुकतही असेल. दादऱ्याचा घोळ हा असला. म्हणून भाषांतर जागच्या जागी करायचं नसतं. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मूळ फॉर्म न पाहिलेल्यांनी उलट इंग्रजीत न्यायचं, जाणकारांनी ताडून बघायचं आणि मग 30 ते 40 पेशंटांना ‘यातून तुम्हाला काय कळलं?’ असं विचारायचं. बरणीऐवजी धुणं पिळणं घालावं का, हा वाद तिथं व्हावा.

घरी आल्यावर मी मावशीला तेच विचारलं. ‘धुणं पिळता येतं?’

‘येतं की.’

‘कसं?’

‘चादर नळाला अडकवायची आन् डाव्या हातानं पीळ घालायचा.’

फॉर्मवरची सूचना मी परत वाचली. काम कोणत्या हातानं करता याला महत्त्व नाही, जमतं का तेवढं सांगा, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे नियमानं तिचं उत्तर बरोबर, आणि दुखतोय तो उजवा हात.