डिसेंबर १९६७ : कोयनेचा भूकंप आणि सरकणारी जमीन

पाटण खोऱ्यात जमीन हलली की दुसऱ्या दिवशी पेपरात तीन-चार ओळींची बातमी येते : धक्का सौम्य, तीव्रता अमुक रिश्टर, धरण सुरक्षित. कराड-साताऱ्यात सकाळच्या चहापुरता विषय होतो आणि "धरणामुळे होतं हे" या निकालावर मिटतो. निकाल खोटा नाही, पण अर्धा आहे.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. ऐन थंडीत माणसं घरात झोपलेली होती. सुमारे १८० जण दगावले, धरणाच्या भिंतीला तडे गेले. पाणी अडवायला सुरुवात होऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. भूकंप व्हायचे ते हिमालयात. दख्खनचं पठार जुनं, घट्ट, जागचं न हलणारं, असा तोवरचा समज होता. सामान्य माणसाचाच नव्हे, जाणकारांचाही.

गंमत अशी, की त्याच महिन्याच्या ३० तारखेला 'नेचर' या नियतकालिकात डॅन मॅकेन्झी आणि रॉबर्ट पार्कर यांचा एक निबंध छापून आला. पृथ्वीचं कवच कडक तुकड्यांचं आहे आणि हे तुकडे गोलावर कसे फिरतात, याचं गणित त्यात होतं. आज शाळेत शिकवतात तो भूपट्टांचा सिद्धांत उभा राहिला तो याच सुमारास. कोयनेचा आणि त्या निबंधाचा एकमेकांशी संबंध नाही. पण जमीन जागची हलत नाही हा समज इथे आणि तिथे एकाच महिन्यात मोडला.

तिथवर यायला पंचावन्न वर्षं लागली होती. जानेवारी १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं फ्रँकफर्टच्या सभेत खंड सरकतात असं मांडलं, १९१५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. वाईला तयार होणाऱ्या मराठी विश्वकोशात या कल्पनेला 'खंडविप्लव' असा भारदस्त शब्द आहे. 'ग्लॉसॉप्टेरिस' या वनस्पतीचे ठसे चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांत सापडतात, तसेच दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकावरही. एवढा समुद्र ओलांडून ती गेली कशी? खंडांना जोडणारे भूभाग पाण्याखाली बुडाले, असं जुनं उत्तर होतं. हे सगळं एकच खंड होतं, असं वेगेनर म्हणाला. गोंडांच्या प्रदेशावरून नाव मिळालेलं गोंडवन त्याचाच दक्षिणेकडचा भाग. पण एवढं ओझं ढकलतं कोण, या प्रश्नाला त्याच्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. भूशास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावलं आणि १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो मरण पावला.

वेगेनरच्या बाजूनं पुढे साक्ष दिली ती आपल्या काळ्या दगडानं. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना डोंगराला पायऱ्या पडलेल्या दिसतात. या दगडाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच आलेला. लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी हे डोंगर बनलेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा हा लाव्हा निवताना त्यातल्या लोहखनिजानं त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. त्या दिशेचा कल मोजला की दगड किती अक्षांशावर निवला ते कळतं. १९५० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी दख्खनचे नमुने तपासले. सातारा आज विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसतरा अंशांवर. दगड सांगत होता की तो निवला विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला.

महाबळेश्वरच्या डोंगरात आणखी एक गोष्ट आहे : खालचे थर उलट चुंबकत्वाचे, वरचे सुलट. लाव्हा साचत असतानाच पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल झाली. या थरांच्या वर्गवारीत एका गटाला 'वाई उपगट' म्हणतात आणि जगभरच्या लाव्ह्याच्या अभ्यासकांना तो ठाऊक असतो. वाईकरांना मात्र क्वचितच.

हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात, ती आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. भारत तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग राहिली. मॉरिशसही त्याच उष्णतेची निर्मिती. गिरमिटावर मॉरिशसला ऊस तोडायला गेलेली मराठी माणसं एका काळ्या दगडावरून उठून त्याच्याच धाकट्या भावावर जाऊन राबली, असं म्हणायला हरकत नाही.

भारताचा वेग एके काळी वर्षाला १५ सेंटीमीटरच्या पुढे गेला होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला, वेग मोडला, हिमालय उचलला गेला. थांबला मात्र नाही. आजही वर्षाला ५ सेंटीमीटरच्या आसपास ईशान्येकडे सरकतोय. १९६७ पासून कोयनानगर घरादारासह अडीच-तीन मीटर पुढे गेलंय.

चहाच्या टपरीवर राहून जातो तो अर्धा भाग हाच. पुढून हिमालय अडवतो, मागून हिंदी महासागराचा तळ रेटतो, आणि मधल्या सबंध पट्ट्यात ताण भरतो. कोयनेखालच्या जुन्या भेगांमध्ये तो आधीच होता. जलाशयाचं पाणी भेगांत मुरलं, आतला दाब वाढला, खडकाची एकमेकांवरची पकड सैल झाली. धरणानं ताण आणला नाही, चाप ओढला. पावसाळ्यात पाणी चढल्यावर धक्के वाढतात, ते त्यामुळेच.

हे जागेवर जाऊन पाहण्यासाठी कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. त्या कामाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा दगड संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला, अडीच अब्ज वर्षांहून जुना. मधे गाळाचा थर नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा इथे उघडा खडक होता, आणि भूकंप घडवणाऱ्या भेगा आहेत त्या या ग्रॅनाइटमध्ये.