उन्हाळी महोत्सवात सर्कशीचे खेळ: परवानगी नेमकी कुठे अडते

परीक्षा संपल्या की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्या आणि मंडळं उन्हाळी महोत्सवाच्या तयारीला लागतात. सर्कशीचे खेळ ठेवायचे ठरलं की बहुतेक ठिकाणी क्रम एकच असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ येतात, समितीला एखादा आवडतो, इसार दिला जातो, बॅनर छापायला जातो आणि मग कुणीतरी म्हणतं, पोलिसांची परवानगी काढायला हवी. तिथून धावपळ सुरू होते आणि अर्ज परत येतो. अर्ज नीट लिहिला नव्हता म्हणून तो क्वचितच परत येतो. निवडलेल्या खेळाचा कागदच अस्तित्वात नसतो, हे खरं कारण. म्हणून खेळ पसंत करतानाच तो करणाऱ्या कलाकारांच्या संचाकडून त्याचे कागद मागा, इसार त्यानंतर द्या.

आधी जागा. नवी मुंबईत मैदान सिडकोकडे आहे की महापालिकेकडे हस्तांतरित झालं आहे, हे मैदानाकडे बघून कळत नाही. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत येतो, पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचेच. वर खारघर रायगड जिल्ह्यात आणि ऐरोली ठाणे जिल्ह्यात, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणारा कागद एकाला अलिबागला न्यावा लागतो, दुसऱ्याला ठाण्याला. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज योग्य कार्यालयात आपोआप जाईल, या भरवशावर बसू नका. तो आवक-जावकच्या गठ्ठ्यात पडून राहतो आणि तुम्हाला कुणी कळवत नाही. म्हणून मालमत्ता विभागात किंवा विभाग कार्यालयात आधी तोंडी चौकशी करा, मगच लेखी द्या आणि पोचपावतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ठाण्यात सुरुवात प्रभाग समितीच्या कार्यालयातून होते.

"आमच्याच आवारात आहे, परवानगी कशाला?" असं पुष्कळ सोसायट्या विचारतात. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर लेखी परवानगी आवारातही लागते. बाहेरच्यांना तिकीट किंवा पास देणार असाल, तर तो सार्वजनिक करमणुकीचा कार्यक्रम ठरतो आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालच्या नियमांनुसार परवाना घ्यावा लागतो.

आता प्राण्यांचं. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर १९९८ पासून बंदी आहे, २०११ मध्ये त्यात बैलाची भर पडली. 'जुन्या काळचे खेळ' या नावाखाली माकडवाला किंवा नंदीबैल बोलावण्याआधी हे लक्षात घ्या. आपल्याकडचे हिरवे पोपट वन्यजीव कायद्यामुळे पाळताच येत नाहीत. राहिले कुत्रे, घोडे आणि परदेशी पक्षी. त्यांच्यासाठी २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची नोंदणी लागते. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे, आठवडाभरात तिथून काही हाती लागेल अशी आशा ठेवू नका. संचवाले "सर्टिफिकेट आहे" म्हणतात आणि एक धूसर झेरॉक्स पुढे करतात. तिच्यावर नाव कुणाचं, प्राणी कोणता आणि खेळ कोणता लिहिला आहे ते वाचा. दुसऱ्याच मालकाच्या नावावरचा कागद तुमच्या काहीच उपयोगाचा नाही. खरं सांगायचं तर कुत्रा-घोड्याचा हट्ट सोडलात तर अर्धी डोकेदुखी इथेच संपते.

सर्वांत जास्त अर्ज अडावेत असा मुद्दा आहे कलाकारांच्या वयाचा, आणि तो तसा अडायलाच हवा. सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी आणली. बालमजुरी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चित्रपट, जाहिराती, मालिका, क्रीडा यांत अटींवर मुलांना भाग घेता येतो, पण त्या सवलतीतून सर्कस नाव घेऊन वगळलेली आहे. त्यामुळे "टीव्हीवर लहान मुलं नाचतात, मग इथे का नाही?" हा युक्तिवाद कार्यालयात टिकत नाही. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर सात-आठ वर्षांची मुलगी हातात काठी धरून चालते, खाली बाप ढोलकी वाजवतो आणि लोक मोबाईल वर धरून टाळ्या देतात. तिला व्यासपीठावर आणून तुम्ही त्या घराला मदत करत नाही. त्या कुटुंबातल्या मोठ्यांची कला जरूर दाखवा, मानधन हातात द्या, मुलीला प्रेक्षकांत बसवा. शाळेतल्या किंवा क्रीडा मंडळातल्या मुलांचं मल्लखांबाचं प्रात्यक्षिक ही वेगळी गोष्ट आहे. पण सर्कशीच्या संचातल्या मुलाला कागदावर मल्लखांबपटू लिहिलं म्हणून तो तसा होत नाही.

वयाचा पुरावा म्हणून प्रत्येक संच आधार कार्डांचा गठ्ठा देतो. त्यातल्या जुन्या कार्डांवर निव्वळ जन्मवर्ष असतं. शिवाय आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र किंवा जन्मदाखला मागा. सर्कशीतले पुष्कळ कलाकार लहानपणीच घर सोडून आलेले असतात, त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं. त्यात त्यांचा दोष नाही. पण चेहऱ्यावरून अठराच्या आतली शंका आली आणि दाखला नसेल, तर त्या कलाकाराचा खेळ घेऊ नका. संचात परदेशी कलाकार असतील तर व्हिसा कोणता आहे ते बघा, पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन खेळ करता येत नाही.

झुला आणि एरियल सिल्क (वरून टांगलेल्या कापडावरच्या कसरती) हे खेळ सगळ्यांना आवडतात आणि तिथेच मंडपवाला व समितीची गफलत होते. मंडपवाला आपल्या लेटरहेडवर 'मंडप मजबूत आहे' असं लिहून देतो. ते चालत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा स्थैर्य दाखला लागतो. त्याचं कारण समजून घ्या. दोर आडवा होईल इतक्या उंचीवरून कलाकार झोका घेतो, तेव्हा तळाशी येताना दोरावर त्याच्या वजनाच्या तिप्पट भार पडतो. साठ किलोचा माणूस त्या क्षणी १८० किलोचा असतो, आणि हा धक्का दर झोक्याला बसतो. दिव्यांसाठी बांधलेली कमान तो पेलायला बांधलेलीच नसते. दाखल्यात या हलत्या भाराचा उल्लेख, जागा आणि तारीख हवी. मागच्या वर्षीच्या दुसऱ्या मैदानावरचा दाखला जोडू नका. झाडाला दोर बांधून काम भागवण्याचा विचार तर नकोच.

अग्निशमन दलाची पाहणी उभ्या मंडपाची होते. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मंडप पूर्ण करणारे इथे फसतात. मंडप विजेच्या तारांखाली नको, बाहेर पडायचे रस्ते मोकळे हवेत. आगीचे खेळ अर्जात वेगळे लिहा, लपवून आयत्या वेळी करू नका. तलवारी आणि सुऱ्यांच्या कसरती असतील तर पोलीस ठाण्यात आधी विचारा, कारण आयुक्तालयात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश वारंवार लागू असतो आणि त्यात शस्त्रं बाळगण्यावर बंदी असते.

वेळेचा गैरसमज जुना आहे. वर्षातून १५ दिवस रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपक लावता येतो हे बरोबर, पण ते दिवस सरकारी पातळीवर जाहीर होतात. आपल्या महोत्सवासाठी आपण ते निवडायचे नसतात. यादीत तुमची तारीख नसेल तर दहाला आवाज बंद, आणि निवासी भागात दिवसाही मर्यादा ५५ डेसिबलची. अर्जाचे दिवस मोजतानाही फसगत होते. सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यात १४ एप्रिल आणि १ मे च्या सुट्ट्या येतात. महिना हातात आहे असं वाटतं, कामाचे दिवस जेमतेम वीस निघतात.

बाकीचं सरळ आहे. तात्पुरती वीजजोडणी महावितरणकडून, कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंट या वीज कंपनीकडून. पार्किंगसाठी वाहतूक शाखेचा ना हरकत दाखला. रेकॉर्डेड गाणी वाजवणार असाल तर पीपीएल, आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा परवाना. तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर सर्कशीच्या प्रवेशावर जीएसटी नाही.

एवढं करूनही परवानगी नाकारली जाऊ शकते, म्हणून संचाशी लेखी करार करा. जागेचे, मंडपाचे आणि पोलिसांचे कागद समितीची जबाबदारी, कलाकारांचे आणि प्राण्यांचे कागद संचाची, असं त्यात स्पष्ट लिहा. समितीच्या दिरंगाईने कार्यक्रम रद्द झाला तर कलाकारांचा प्रवासखर्च आणि ठरलेल्या मानधनाचा निदान काही भाग त्यांना मिळेल, ही अटही घाला. हे लोक सामानासकट दोन-दोन दिवस प्रवास करून येतात आणि रद्द झाल्याचं त्यांना मैदानावर पोचल्यावर कळतं.