पीएसए कमी आणि गाठ मोठी

‘पीएसए नॉर्मल आलाय, आता प्रोस्टेटची चिंता नको.’ हे वाक्य इतक्या खात्रीनं बोललं जातं की त्यातली फट दाखवायलाच हवी. प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, अशाही गाठी होतात ज्यांचा पीएसएशी काहीच संबंध नसतो, आणि त्यांतल्या काही फार झपाट्यानं वाढतात.

पीएसए (प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन) हे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन आहे; रक्ताच्या चाचणीत त्याचंच प्रमाण मोजतात. घट्ट वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. प्रोस्टेटमधल्या सूक्ष्म नलिकांना आतून अस्तर असतं, त्या अस्तराच्या पेशी ते तयार करतात. निरोगी पेशीही करतात, म्हणूनच वयानुसार प्रोस्टेट वाढली किंवा तिला सूज आली तरी आकडा चढतो. प्रोस्टेटचे ९० टक्क्यांहून अधिक कर्करोग याच अस्तरातून निघतात, त्यामुळे ही चाचणी कामाची ठरते. पण प्रोस्टेटमध्ये स्नायू आहेत, रक्तवाहिन्या आहेत, संप्रेरकं स्रवणाऱ्या तुरळक न्यूरोएंडोक्राइन पेशी आहेत. स्नायूंतून सार्कोमा नावाचा कर्करोग होऊ शकतो, लसीका पेशींतून (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींतून) लिम्फोमा. न्यूरोएंडोक्राइन पेशींचे गुण दाखवणारा स्मॉल सेल कार्सिनोमाही होतो, कधी पहिल्यापासूनच, कधी नेहमीच्या कर्करोगावर बराच काळ हार्मोन उपचार झाल्यावर. यकृतापर्यंत रोग पसरलाय आणि पीएसए मात्र जेमतेम, असं चित्र दिसलं की जाणकार डॉक्टर आधी याचाच विचार करतात.

एमआरआय गाठ कुठे आहे, केवढी आहे हे दाखवतो. ती कोणत्या पेशींची आहे हे कळायला सुईनं तुकडा काढावाच लागतो, म्हणजे बायोप्सी करावी लागते. ‘सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो’ असं अजूनही ठासून सांगितलं जातं. प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुईच्या वाटेवर कर्करोग रुजल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. या भीतीपोटी दवडलेला वेळ मात्र नक्की नडतो, आणि स्मॉल सेलमध्ये तर काही आठवडेही महत्त्वाचे असतात.

तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून रंगवतात. खरी अडचण इथे सुरू होते. स्मॉल सेल, लिम्फोमा आणि लहान मुलांत होणारा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा (सार्कोमाचाच एक प्रकार) हे तिन्ही सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखेच दिसू शकतात: दाटीवाटीनं बसलेल्या छोट्या, गोल, निळ्या पेशी. दिसण्यावरून ओळख पटत नसेल, तर पेशी कोणती प्रथिनं बनवते ते तपासायचं. या तंत्राला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, आणि वैद्यकातलं इतकं देखणं तंत्र माझ्या माहितीत दुसरं नाही.

या तंत्राचा पाया म्हणजे प्रतिपिंड (अँटिबॉडी). तो एका ठरावीक प्रथिनालाच चिकटतो. १९४१ साली अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून तो कुठे चिकटला हे डोळ्यांनी पाहता येतं, असं दाखवून दिलं. पुढे रंगाच्या जागी विकर आलं. मोहरीच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या मुळापासून मिळणारं पेरॉक्सिडेज प्रतिपिंडाला जोडतात आणि वरून एक रंगहीन रसायन टाकतात. विकराचा एकेक रेणू त्या रसायनाच्या असंख्य रेणूंचा तपकिरी साका बनवतो, म्हणून थोडंसं प्रथिनही नजरेत भरतं. १९७५ मध्ये कोह्लर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची रीत शोधली. १९८४ चं नोबेल त्यांना मिळालं. एक अडथळा उरला होता. फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं आणि प्रतिपिंडाला चिकटायची जागा सापडत नाही. काप द्रवात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये तापवला की ही बंधनं सैल होतात, हे १९९१ साली दाखवलं गेलं. वर्षानुवर्षं मेणात पडलेले तुकडे त्यामुळे पुन्हा तपासता येऊ लागले.

आता त्या निळ्या पेशींकडे वळू. सीडी४५ हे प्रथिन कापावर उमटलं तर लिम्फोमाचा संशय. डेस्मिन आणि मायोजेनिन उमटलं तर ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन उमटलं तर स्मॉल सेल. पण स्मॉल सेल मूळ कुठला? फुप्फुसातूनही तो येऊ शकतो. फुप्फुसाची खूण मानलं जाणारं टीटीएफ-१ प्रोस्टेटच्या स्मॉल सेलमध्येही बऱ्याचदा उमटतं, म्हणजे इथे ते फसवं ठरतं. मग जनुकांकडे जावं लागतं. प्रोस्टेटच्या अनेक कर्करोगांत २१ व्या गुणसूत्रावरची टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही दोन जनुकं तुटून एकमेकांना जोडली जातात. २००५ साली हा शोध लागला. पहिल्या जनुकाची कळ पुरुषी संप्रेरकांच्या हातात असते, त्यामुळे ईआरजीही त्याच कळीनं चालू होतं. स्मॉल सेलमध्ये संप्रेरकांचा हा मार्गच बंद पडलेला असतो. जोडणी डीएनएत शाबूत, पण ईआरजी प्रथिन बनत नाही आणि काप कोरा राहतो. अशा वेळी चमकणारे डीएनए तुकडे वापरून ती जोडणी थेट गुणसूत्रावर शोधतात. ती सापडली तर गाठ प्रोस्टेटचीच. सापडली नाही म्हणून मात्र प्रोस्टेट सुटत नाही.

लांबट पेशींच्या गाठींतही असेच चकवे आहेत. गुदाशयाच्या भिंतीतली जिस्ट नावाची गाठ प्रोस्टेटवर दाबून बसते आणि तिथलीच वाटते. गुदाशयातून घातलेली बायोप्सीची सुई नेमका तिचाच तुकडा घेऊन येते, आणि अहवालात ‘प्रोस्टेटचा सार्कोमा’ असं चुकून लिहिलं जाऊ शकतं. किट आणि डॉग१ या दोन प्रथिनांची तपासणी केली की उलगडा होतो. पेशीच्या केंद्रकात स्टॅट६ हे प्रथिन ठळक उमटलं, तर ती सॉलिटरी फायब्रस ट्यूमर नावाची वेगळीच गाठ.

या नावांवर उपचार ठरतात. बहुतेक जिस्ट इमॅटिनिबच्या गोळ्यांनी आकसतात आणि मोठी शस्त्रक्रिया कधी लहान होते. स्मॉल सेलला प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी लागते, नुसते हार्मोन उपचार पुरत नाहीत. लिम्फोमात तर प्रोस्टेट काढण्याची गरजच सहसा पडत नाही. मात्र ही सगळी प्रथिनं प्रत्येक तुकड्यावर तपासली जात नाहीत, कोणती तपासायची हे पॅथॉलॉजिस्टला आधी सुचावं लागतं. म्हणून बायोप्सीसोबतच्या कागदावर पीएसएचा आकडा, आधीचे उपचार आणि स्कॅनमध्ये काय दिसलं हे लिहिलेलं हवं. अहवाल आणि आजाराची चाल जुळत नसेल तर तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा आणि रंगवलेल्या कापांच्या काचा मागून घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येतात. त्यासाठी बहुतेक वेळा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.